दाभोळची अनाथ लाट

सोलापूरच्या नकाशावर बोट ठेवावे आणि अक्षांश न सोडता ते सरळ पश्चिमेकडे नेत जावे. वाटेत पंढरपूर लागते, पुढे सातारा लागतो, सह्याद्री ओलांडला की वाशिष्ठीचे खोरे येते आणि बोट समुद्राला टेकते ते दाभोळच्या आसपास. मध्ये जवळजवळ तीनशे किलोमीटरांची जमीन आहे. सोलापूरकराच्या नित्य बोलण्यात समुद्र येत नाही. आमच्याकडे पाण्याची गोष्ट निघते ती टँकरची, उजनीची, फार तर सिद्धेश्वर तळ्याची. तरीही गेले काही महिने आम्ही काही मराठीचे अध्यापक दाभोळच्या बाजूच्या किनाऱ्यावर पाचशे वर्षांपूर्वी येऊन गेलेल्या, किंवा येऊन गेली असावी अशा, एका लाटेविषयी जमेल तसे वाचत आहोत. भूगर्भशास्त्र हा आमचा विषय नव्हे. मात्र जुन्या कागदात काय लिहिले गेले आणि काय लिहायचे राहून गेले, हा प्रश्न आमच्या विषयाच्या कुंपणाबाहेरचा नाही, असे आम्हाला वाटते.

प्रारंभ आमच्या गावापासून करू. १५२३-२४ च्या सुमारास विजापूरचा इस्माईल आदिलशहा आणि अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा यांची सोलापुरी भेट झाली. इस्माईलची बहीण मरियम हिचे लग्न बुऱ्हाणाशी लावून देण्यात आले आणि सोलापूरचा किल्ला व त्याखालचा मुलूख हुंड्यात देण्याचे ठरले. किल्ला प्रत्यक्षात दिला गेलाच नाही. त्यावरून दोन्ही शाह्यांत जे वैर पेटले ते पुढे पिढीभर विझले नाही. अखेर तालिकोटच्या लढाईपूर्वी चांदबिबीचे लग्न विजापूरच्या अली आदिलशहाशी झाले, तेव्हा हाच किल्ला पुन्हा हुंड्याची वस्तू झाला. सोलापूरच्या इतिहासावर लिहिणारा कोणीही ही हकिगत टाळत नाही. फिरिश्त्याने ती नोंदवली, गॅझेटियरकारांनी उचलली आणि आम्हीही ती वर्गात रंगवून सांगतो.

त्याच आदिलशाहीचे पश्चिमेकडचे दार म्हणजे दाभोळ बंदर. बहमनी काळापासून अरबी आणि इराणी घोडे येथे उतरत आणि घाट चढून देशावर येत. पंधराव्या शतकात दख्खन पाहून परत निघालेला रशियन व्यापारी अफनासी निकितिन याच बंदरातून जहाजावर चढला. सोलापूरच्या तटाखाली जी घोडदळे एकमेकांवर धावून गेली, त्यांतील बरीच जनावरे दाभोळसारख्या बंदरांतूनच आत आली असणार. सोलापूरच्या हुंड्यावरून कुरबूर चालू असण्याच्याच काळात, सप्टेंबर १५२४ मध्ये, या दाराबाहेरच्या समुद्रात एक विलक्षण गोष्ट घडली.

ती आपल्याला कळते पोर्तुगीजांकडून. व्हास्को द गामा तिसऱ्या आणि अखेरच्या वेळी हिंदुस्थानात येत होता, या खेपेस व्हाइसरॉय म्हणून. त्याचा ताफा दाभोळच्या टापूत असताना पहाटेच्या सुमारास जहाजे एकाएकी हादरू लागली. वारा नव्हता, वादळ नव्हते. खलाशांना वाटले की जहाजे खडकावर किंवा वाळूच्या बांधावर आपटली. माणसांना उभे राहता येईना, सामानाच्या पेट्या इकडून तिकडे घरंगळू लागल्या. खोली मोजावी तर खाली पाणी भरपूर. हादरे थांबून पुन्हा आले. गामाने घाबरलेल्या लोकांना धीर दिला तो असा की, समुद्र आपल्याला भिऊन थरथरतो आहे. हा गर्वोक्तीचा प्रसंग पोर्तुगीज इतिहासकारांना इतका आवडला की त्यांनी तो आवर्जून लिहून ठेवला. गामा त्याच वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी कोचीन येथे मरण पावला. समुद्राचे हादरे मात्र त्याच्या चरित्रातील एक आख्यायिका म्हणून शिल्लक राहिले.

या वृत्तांतात जहाजांवरची धडधड आहे, किनाऱ्यावरचा विध्वंस नाही. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. समुद्रतळाशी झालेल्या भूकंपाचे धक्के पाण्यातून वर येतात आणि जहाजाच्या बुडावर हातोडा मारल्यासारखे आदळतात. त्सुनामीची लाट ही निराळी वस्तू आहे. खोल समुद्रात ती जहाजाखालून निघून जाते आणि वर कोणाला पत्ता लागत नाही. म्हणून गामाच्या ताफ्याने जे अनुभवले ते भूकंपाचे साक्षीपत्र आहे, लाटेचे नव्हे. लाटेची साक्ष द्यायची तर ती जमिनीनेच द्यायला हवी.

ती साक्ष दाभोळच्या उत्तरेस, दापोली तालुक्यातील केळशी गावी मिळाली. भारजा नदीच्या मुखाशी वसलेले हे गाव महालक्ष्मीच्या देवळासाठी आणि शिवकालाशी नाते सांगणाऱ्या याकूबबाबांच्या दर्ग्यासाठी ओळखले जाते. गावाजवळ वाळूची एक मोठी टेकडी आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील पुरातत्त्वज्ञ अशोक मराठे यांनी तिचा अभ्यास केला. वाऱ्याने कण कण आणून रचलेल्या टेकडीत ज्या वस्तू असू नयेत त्या तेथे होत्या: खापरे, हाडे, नाणी, माणसांच्या वस्तीच्या खुणा. ही वाळू समुद्राच्या एका मोठ्या उसळीने आणून टाकली आणि ती उसळी सोळाव्या शतकाच्या प्रारंभीची, असे मत त्यांनी मांडले. पुढे सी. पी. राजेंद्रन, मोहम्मद हैदरजादेह आणि त्यांचे सहकारी यांनी केळशीच्या थरांतील शंखशिंपल्यांचे कालमापन केले. ते पंधराव्या ते सतराव्या शतकाच्या दरम्यानचे निघाले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधाने या घटनेला नाव दिले, कोकण किनाऱ्यावरील १५२४ ची ‘अनाथ त्सुनामी’.

‘अनाथ’ हे विशेषण भावुक नाही, ती शास्त्रातील संज्ञा आहे. जिचा जन्मदाता भूकंप सापडत नाही ती लाट अनाथ. जपानमध्ये जानेवारी १७०० मध्ये अशीच एक लाट आली होती. तेथील गावकऱ्यांना भूकंप जाणवला नव्हता. भाताची शेते बुडाली, घरे गेली, आणि स्थानिक कारभाऱ्यांनी ते सारे तारीखवार लिहून ठेवले. तिचे मूळ जवळजवळ तीनशे वर्षांनी, १९९६ साली सापडले. पॅसिफिक महासागराच्या पलीकडच्या तीरावर, अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यासमोर, २६ जानेवारी १७०० रोजी रात्री प्रचंड भूकंप झाला होता. त्या किनाऱ्यावर तेव्हा लेखी दप्तर नव्हते. होत्या त्या मूळ रहिवाशांच्या पूर आणि थरकापाच्या कथा आणि खाऱ्या पाण्यात उभ्याने मेलेली झाडे. जपानी कारकुनाचे दप्तर आणि अमेरिकेतील मृत वृक्ष यांची गाठ पडली आणि लाटेला तिचे घर मिळाले.

आमच्या लाटेचे घर कोठे? याचे उत्तर शोधताना सर्वांचे बोट जाते ते अरबी समुद्राच्या उत्तर काठावरील मकरानकडे. आज हा किनारा पाकिस्तानचे बलुचिस्तान आणि इराण यांच्यात विभागलेला आहे. अरबी भूपट्ट तेथे वर्षाला काही सेंटिमीटर या गतीने युरेशियाच्या भूपट्टाखाली सरकतो. या पट्ट्याने काय होऊ शकते याचा एक धडा आपल्याला १९४५ साली मिळाला होता.

२८ नोव्हेंबर १९४५. भारतीय वेळेनुसार पहाटेचे सुमारे साडेतीन. पसनीच्या दक्षिणेस समुद्रात ८.१ क्षमतेचा भूकंप झाला. महायुद्ध संपून तीन महिने झाले होते. पसनी, ओरमारा, कराची हे सारे एकाच ब्रिटिश हिंदुस्थानचे भाग होते. कराची तर १९३६ पर्यंत आमच्या मुंबई इलाख्यातच होती. पसनी व ओरमारा येथील घरे भूकंपाने पाडली आणि उरलेले समुद्राने नेले. मृतांचा आकडा चार हजार असल्याचे अनेक याद्यांत वर्षानुवर्षे छापले गेले. अलीकडे त्या वेळचे वृत्तांत पुन्हा तपासणाऱ्यांना तो काही शेकड्यांतच असावा असे वाटते. आकड्यांतील हा फरकदेखील बोलका आहे. तो किनारा इतका एकाकी होता की तेथे किती माणसे राहत होती हेच पुरते ठाऊक नव्हते.

ही लाट मुंबईला पोहोचली सकाळी सव्वाआठच्या सुमारास. उंची सुमारे दोन मीटर. होड्यांचे दोर तुटले, आणि वर्सोवा, जुहू, हाजीअली या बाजूंच्या किनाऱ्यांवरून मिळून पंधराच्या आसपास माणसे वाहून गेली. अंतर सुमारे बाराशे किलोमीटर, वेळ जवळजवळ पावणेपाच तास. ज्या भूकंपाने ही लाट सोडली त्याचा हादरा मुंबईतील कोळ्याला होड्या सोडायला लावील असा नव्हता. सकाळची वेळ, थंडीचे दिवस, शांत समुद्र, आणि पाणी चढू लागले.

आज अरबी समुद्रातील त्सुनामीचा विषय निघाला की विशेषज्ञ हाच दाखला प्रथम देतात. सर्वसाधारण मराठी वाचकाला मात्र तो ठाऊक नसतो. आम्हालाही नव्हता. २००४ च्या डिसेंबरात आपण सर्वांनी ‘त्सुनामी’ हा शब्द पहिल्यांदा ऐकल्यासारखा ऐकला. तो त्सु की सु, यावर आमच्या खोलीत वाद घातले. पण याच लाटेने ५९ वर्षांपूर्वी वर्सोव्याची माणसे नेली होती हे वादात कोणी सांगितले नाही.

आता मुख्य प्रश्न. भूकंप आणि लाट यांचे प्रमाण का जुळत नाही? मोठा भूकंप, मोठी लाट. लहान भूकंप, लहान लाट, असा सरळ हिशेब का लागत नाही?

त्सुनामी हादऱ्याने निर्माण होत नाही, समुद्रतळ वर किंवा खाली सरकल्याने होते. एक भूपट्ट दुसऱ्याखाली जात असतो, पण दोघांचे काठ एकमेकांत अडकलेले असतात. वरच्या पट्टाचा काठ शतकानुशतके खाली ओढला जातो, वाकतो, आणि एक दिवस सुटतो. सुटताना तो वर उसळतो आणि आपल्या डोक्यावरचा समुद्र, तळापासून पृष्ठापर्यंत सगळाच्या सगळा, उचलून धरतो. वाऱ्याची लाट पाण्याची साल हलवते. ही लाट अख्खा गाभा हलवते. चार किलोमीटर खोल पाण्यात तिचा वेग ताशी सातशे किलोमीटरांच्या घरात असतो, उंची मात्र हात-दीड हात, आणि एका शिखरापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर शंभर-दोनशे किलोमीटर. उथळ पाण्यात पुढचा भाग मंदावतो, मागचे पाणी त्यावर चढत राहते आणि लाट उंचावते.

म्हणजे लाटेची उंची ठरते ती तळ किती उचलला, किती क्षेत्र उचलले आणि त्यावर किती पाणी होते यांवर. आपल्याला जाणवतो तो धक्का मात्र ठरतो ऊर्जा किती झपाट्याने मोकळी झाली यावर. या दोन गोष्टी पुष्कळदा बरोबर जातात, नेहमी नाही.

१५ जून १८९६ रोजी जपानच्या सानरिकू किनाऱ्यावर सण होता. संध्याकाळी भूकंपाचा हलका, लांबलेला झोका जाणवला. जपानी माणसाला त्याचे काय! जेवणे चालू राहिली. अर्ध्या तासाने समुद्र आला. काही खोऱ्यांत तो ३८ मीटरपर्यंत चढला. सुमारे २२ हजार माणसे गेली. मासेमारीसाठी दूर समुद्रात गेलेल्या कोळ्यांना काहीही कळले नाही. ते सकाळी परतले तेव्हा बंदराजागी भग्नावशेष तरंगत होते. ‘त्सु’ म्हणजे बंदर, ‘नामी’ म्हणजे लाट. मोकळ्या समुद्रात नसते आणि बंदरात असते ती लाट. शब्दाची व्युत्पत्ती ही अशी शास्त्राच्या आधीच शास्त्र सांगून जाते.

सानरिकूसारख्या घटनांचा उलगडा करताना हिरू कानामोरी या भूकंपशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये ‘त्सुनामी भूकंप’ ही संज्ञा आणली. सर्वच भूकंपजन्य लाटांना ती लागू नाही. ज्या भूकंपाची लाट त्याच्या हादऱ्याच्या मानाने फारच मोठी, त्यालाच ती लागू आहे. असे भूकंप सागरी गर्तेच्या अगदी जवळ, उथळ थरात होतात. तेथे दोन भूपट्टांच्या सांध्यात समुद्रतळाचा मऊ गाळ दडपला गेलेला असतो. सांधा फुटण्याची गती एरवी सेकंदाला अडीच-तीन किलोमीटर असते. गाळात ती एक किलोमीटरपर्यंत उतरते. भूकंप सावकाश, मिनिट-मिनिट चालतो, घरे कडाडत नाहीत, झुलतात. आणि खडक जितका मऊ तितकी, तेवढ्याच ऊर्जेत, घसरण अधिक. भर खोल गर्तेच्या काठाची, म्हणजे डोक्यावर पाणी सर्वांत जास्त असलेल्या जागेची. हात न झटकता सावकाश ढकलून एखाद्याने पाण्याने भरलेले घंगाळ कलते करावे तसा हा प्रकार आहे. आवाज होत नाही, पाणी मात्र सांडते. १९९२ मध्ये निकाराग्वात, १७ जुलै २००६ रोजी जावाच्या दक्षिण किनाऱ्यावर, २०१० मध्ये मेंतावाई बेटांवर हेच घडले. जावात सहाशेहून अधिक माणसे गेली; अनेकांना भूकंप झाल्याचेच ठळकपणे कळले नव्हते.

मकरानचा गाळ या बाबतीत जगातील सर्वांत जाड गाळांपैकी आहे. सिंधू आणि तिच्या आधीच्या नद्यांनी आणून टाकलेला हा थर तेथे सात किलोमीटरांपर्यंत भरतो. मराठी वाचकाला त्याचा दाखला परका वाटू नये. हिंगोल नदीकाठी हिंगलाजमातेचे स्थान आहे. तेथे जाणारे यात्रेकरू वाटेत चंद्रगुप नावाच्या चिखलाच्या ज्वालामुखीला नारळ वाहतात. दाबल्या गेलेल्या त्या गाळातून वायू आणि चिखल वर येतो, तोच हा चंद्रगुप. १९४५ च्या भूकंपात या किनाऱ्यासमोर चिखलाची बेटे वर आली. सप्टेंबर २०१३ मध्ये बलुचिस्तानात भूकंप झाला तेव्हाही ग्वादरसमोर असेच एक बेट डोके काढून वर आले आणि पुढे काही वर्षांत लाटांनी झिजून गेले. यात्रेकरूच्या श्रद्धेचा विषय आणि भूकंपतज्ज्ञाच्या काळजीचा विषय येथे एकच आहे.

१९४५ च्या लाटेत आणखी दोन कोडी होती. पसनीला सर्वांत मोठी लाट भूकंपानंतर लगेच न येता बऱ्याच उशिराने आली. समुद्राच्या उतारावरचा गाळ धक्क्याने सुटून दरड कोसळावी तसा कोसळला आणि त्याने दुसरी लाट उठवली, असा तर्क यावर केला जातो. अशा दरडींचे सामर्थ्य १९९८ मध्ये पापुआ न्यू गिनीत दिसले. ७ क्षमतेच्या भूकंपानंतर लाटेने दोन हजारांहून अधिक माणसे नेली. दुसरे कोडे असे की कराची आणि मुंबईच्या भरतीमापकांवर समुद्र कितीतरी तास शांत झाला नाही. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी हे जुने कागदी आलेख पुन्हा वाचून २०११ मध्ये त्याचे स्पष्टीकरण दिले. शाळेच्या भूगोलात जिला आपण समुद्रबूड जमीन म्हणतो, ती मुंबईसमोर फार रुंद आहे. या उथळ पट्ट्यात शिरलेली लाट किनारा आणि खोल पाणी यांच्यामध्ये अडकते, परावर्तित होत किनाऱ्याला धरून धावत राहते. म्हणून पहिली लाट गेली म्हणजे संकट गेले असे नसते. मकरानहून निघालेली लाट मुंबईस यायला इतका वेळ लागला त्याचे कारणही हेच उथळ अंगण.

तिसरे एक कारण आहे आणि ते समुद्रात नसून आपल्या मापात आहे. २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राचा भूकंप झाला तेव्हा पॅसिफिक इशारा केंद्राचा पहिला अंदाज ८.० होता, तासाभराने तो ८.५ झाला आणि अनेक तासांनी ९ च्या घरात गेला. तोवर नागपट्टणम उद्ध्वस्त झाले होते. श्रीलंकेच्या आडोशाला असल्याने जे सुरक्षित मानले जावे त्या केरळच्या कोल्लम जिल्ह्यातही, वळसा घेऊन आलेल्या लाटेने शंभरावर बळी घेतले. मार्च २०११ मध्ये जपानसारख्या जागरूक देशात पहिला अंदाज ७.९ निघाला आणि इवाते व फुकुशिमा किनाऱ्यांना तीन मीटर लाटेचा इशारा गेला. तीन मीटर ऐकून काही लोक बांधाच्या आड थांबले. प्रत्यक्ष भूकंप ९ चा होता. गर्तेजवळ समुद्रतळ पन्नास मीटरांच्या आसपास सरकला होता. फुकुशिमाच्या अणुकेंद्रावर आलेले पाणी चौदा-पंधरा मीटर चढले. केंद्राची तयारी सहा मीटरांच्याही आतली होती. याच किनाऱ्यावर इसवी सन ८६९ मध्ये जोगान काळात समुद्र किती आत आला होता हे जपानी बखरीत लिहिलेले होते. त्या लाटेची वाळूही शास्त्रज्ञांनी शेतांखाली शोधून काढली होती. बखर होती, वाळू होती, आणि तरीही लाट ‘अनपेक्षित’ ठरली.

येथे आम्हाला आमचे गाव पुन्हा आठवते. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, तीन वाजून छप्पन्न मिनिटे. आदल्या दिवशी गणपती पोहोचवून लोक थकून झोपले होते. आम्ही त्या वेळी शाळकरी वयाचे. भांडी वाजली, मोठी माणसे ‘बाहेर चला’ म्हणून ओरडली आणि आम्ही अंगणात उभे राहून उजाडण्याची वाट पाहिली. किल्लारी येथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरांच्या आत. उजाडल्यावर जखमींच्या गाड्या सोलापूरच्या रुग्णालयांकडे येऊ लागल्या. जवळजवळ आठ हजार माणसे गेली. हा प्रदेश भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात घातलेला होता. दख्खनचे पठार म्हणजे अढळ, असा सर्वांचा समज होता. खरे तर किल्लारीत वर्षभर आधी, १९९२ च्या ऑक्टोबरपासून, धक्के बसत होते. लोक ते सांगत होते. नकाशा मात्र बदलला तो पुढे, २००२ साली.

किल्लारीत समुद्र नव्हता आणि मकरानमध्ये पठार नाही. दोन्हींत समान आहे ती एकच गोष्ट. आपण ज्याला ‘अनपेक्षित’ म्हणतो तो पृथ्वीचा गुण नाही, आपल्या नोंदवहीचा दोष आहे. मकरानचा पूर्व भाग १९४५ मध्ये फुटला. पश्चिमेचा, इराणकडचा भाग उपकरणांच्या काळात मोठा फुटलेला नाही. तो निपचित आहे म्हणून मेला आहे, की दम धरून आहे, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. सगळा पट्टा एकदम फुटला तर भूकंप ९ च्या आसपास जाऊ शकेल असे काहींनी मांडले आहे. शंभर वर्षांची यंत्रनोंद असल्या प्रश्नाला पुरत नाही. पाचशे वर्षांपूर्वीच्या केळशीची साक्ष म्हणूनच मोलाची. ती खरी असेल तर १९४५ ची दोन मीटर ही अरबी समुद्राची कमाल नव्हे, आणि त्या कमाल मर्यादेच्या भरवशावर आपण मुंबईची भर, न्हावा-शेव्याचे बंदर, तारापूरचे केंद्र असे पुष्कळ काही किनाऱ्यावर मांडून बसलो आहोत.

‘खरी असेल तर’ हे शब्द आम्ही जाणून लिहिले आहेत. केळशीचे शिंपले अडीचशे वर्षांच्या पट्ट्यात कोठेही बसू शकतात, आणि गामाच्या ताफ्याला बसलेले हादरे जवळच्याच एखाद्या भूकंपाचे असू शकतात. मोठे चक्रीवादळही वाळू आत आणून टाकते. पोर्तुगीज पान आणि कोकणची वाळू यांना एका तारखेच्या दोऱ्यात ओवणे हे अनुमान आहे. पण ज्या अनुमानाचा पाठपुरावा व्हावा असे हे अनुमान आहे, आणि त्याला तिसरा साक्षीदार हवा आहे. तो साक्षीदार यंत्र नसून एखादा कागद असू शकेल: देवस्थानाचे दप्तर, खोताच्या घरचा जुना दस्त, बुडालेल्या आगराची सूट मागणारा अर्ज. असे कागद वाचणारे लोक मराठीच्या वर्गांतूनच तयार व्हायचे असतात. मोडी शिकायला आज विद्यार्थी मिळत नाहीत म्हणून आम्ही हळहळतो तेव्हा आमच्या डोळ्यांसमोर बखरी आणि वंशावळी असतात. यापुढे समुद्राने खाल्लेली शेतेही असतील.

एक शेवटची नोंद. ऑगस्ट १८८३ मध्ये क्राकाटोआचा ज्वालामुखी फुटला तेव्हा त्याच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या. वांद्र्याच्या किनाऱ्यावर समुद्र अवेळी आणि झपाट्याने मागे गेला, मासे कोरड्या रेतीवर तडफडत राहिले आणि कोळ्यांच्या लहानथोरांनी ते आनंदाने वेचले, असे त्या वेळच्या वृत्तात आहे. त्या दिवशी तो आनंदाचा प्रसंग ठरला. २००४ मध्ये हिंदी महासागराच्या अनेक किनाऱ्यांवर मुले अशीच उघड्या पडलेल्या रेतीत धावत गेली होती.

आता हैदराबादला २००७ पासून त्सुनामी इशारा केंद्र चालू आहे, समुद्रात दाबमापके आहेत, आणि मकरानची लाट मुंबईला यायला लागणारे साडेचार-पावणेपाच तास हे इशाऱ्यासाठी थोडे नाहीत. पण यंत्राचा इशारा ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ कळावा लागतो. हलका पण लांबलेला झोका, अवेळी हटलेले पाणी, पहिल्या लाटेनंतरची फसवी शांतता, या तीन गोष्टी किनाऱ्यावरच्या पोराला म्हणीसारख्या पाठ असायला हव्यात. मराठीत पावसावर, पेरणीवर, नक्षत्रांवर म्हणी आहेत. समुद्र मागे गेला तर काय करावे याची म्हण आम्हाला तरी कोठे आढळलेली नाही. १९४५ ची सकाळ पाहिलेली माणसे आज नव्वदीच्या घरात असतील. वर्सोव्यात, दांड्यात, जुहूच्या कोळीवाड्यात कोणी आजी-आजोबा ती सांगू शकत असतील, तर ती लिहून घ्यायला फार वर्षे उरलेली नाहीत. सोलापूरच्या हुंड्याची हकिगत पाचशे वर्षे टिकली, कारण ती लिहिणारा कोणी तरी होता.